एटीआर टाइप रेटिंग : घरच्या प्लायवुड पेडेस्टलच्या नोंदी

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी, नेरुळ

बाबांनी सकाळी गॅलरीत पाट मांडून हत्यारं पुजली. कानस, पटाशी, रंधा, हँड ड्रिल, व्हर्निअर. रबाळ्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण व्हर्निअरला हळदकुंकू लागल्याशिवाय आमच्याकडे दसरा येत नाही. यंदा झेंडूखाली एक गुंडाळी जास्तीची होती : एटीआर ७२-६०० या दोन पंख्यांच्या प्रवासी विमानाच्या कॉकपिटचं पोस्टर. आईने त्यालाही कुंकू लावलं. बोट टेकलं ते पायलटच्या डोक्यावरच्या ओव्हरहेड पॅनेलवर, बरोब्बर फायर हँडलच्या (इंजिनाला आग लागली तर ओढायच्या मुठीच्या) जागी. शकुन कसला धरायचा ते ठरलं नाही.

थोडी पार्श्वभूमी लिहून ठेवते, सहा महिन्यांनी मलाच आठवणार नाही. माझ्याकडे कमर्शियल पायलटचं लायसन्स आहे, म्हणजे लहान विमानं २०० तास उडवल्याचा कागद. त्याच्या जोरावर प्रवासी विमानाला हात लावता येत नाही. प्रत्येक जातीच्या विमानाची लायसन्सवर वेगळी नोंद व्हावी लागते, तेच टाइप रेटिंग. आधी वर्ग, मग लेखी, मग सिम्युलेटर, मग परीक्षकासमोर स्किल टेस्ट, आणि शेवटी खऱ्या विमानावर टेकऑफ-लँडिंग. माझी बॅच १० नोव्हेंबरला हैदराबादला सुरू होते. फीचा आकडा इथे लिहीत नाही. ही वही आईच्या हाती लागते.

सगळ्यांना एअरबस हवी असते. मलाही हवी होती, खोटं कशाला बोलू. बोलावणं पंख्याच्या विमानाचं आलं. नातेवाइकांत एकच प्रश्न : "अजून पंखेवालं चालतं?" चालतं. ७०-७८ माणसं घेऊन १,३०० मीटरच्या आसपास धावपट्टीवरून उठतं, म्हणून तर सिंधुदुर्ग, जळगाव, अमरावती नकाशावर आली.

हे विमान शिकणारे पोस्टर भिंतीला लावून हवेत बोटं नाचवत 'फ्लो', म्हणजे कशानंतर कशाला हात लावायचा तो क्रम, पाठ करतात. त्या कागदाला पेपर टायगर म्हणतात. मला भिंतीवर कागद नको होता, हाताखाली मूठ हवी होती. बाबांना विचारलं. म्हणाले, "ड्रॉइंग आण."

५ ऑक्टोबर, रविवार

पूर्ण कॉकपिट करायचं नाही, एवढं ठरलं. बेडरूम साडेनऊ बाय दहा आहे आणि त्यात कपाटही आहे. स्क्रीन, ओव्हरहेड सगळं पोस्टरवरच राहील. लाकडात फक्त मधला पेडेस्टल, म्हणजे दोन सीटांमधला लिव्हरांचा कट्टा, कारण या विमानाचं वेगळेपण तिथेच आहे. जेटला इंजिनामागे एक लिव्हर. इथे इंजिनामागे दोन : पॉवर लिव्हर आणि कंडिशन लिव्हर. डावीकडून पॉवरचे दोन, मग कंडिशनचे दोन, त्यांच्या उजवीकडे फ्लॅपचा (टेकऑफ-लँडिंगला पंखाच्या मागच्या कडेची फळी खाली काढायला). पाच मुठी, सगळ्या शेजारी शेजारी.

कंडिशन लिव्हरच्या मागून पुढे चार जागा : फ्युएल शट-ऑफ, फेदर, ऑटो, १०० टक्के ओव्हरराइड. उड्डाणात ते ऑटोवर पडून असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. फेदर म्हणजे पंख्याची पाती वळवून वाऱ्याला धार दाखवायची. वल्हं पाण्यात आडवं धरलं तर अडतं, धारेनं धरलं तर सरकतं, तसं. बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा फेदर झाला नाही तर तो हवेत फळीसारखा उभा राहून विमानाला एका अंगाला ओढतो. चालत्या इंजिनाचा फेदर केला तर इंजिन फिरतंय, आवाज आहे, ओढ नाही.

बाबा जरा वेळ गप्प. "म्हंजे क्लच दाबून ॲक्सिलेटर."

जवळपास.

सामान : १८ मिमी प्लाय (कपाट करताना उरलेलं), तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून ६ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी, शाफ्ट आणि बुश बाबांच्या जुन्या दोस्ताच्या लेथवर. मुठींसाठी जुन्या पलंगाचा सागवानी पाय. आईला तो पलंग मोडलेला आजच कळला.

८ ऑक्टोबर

काम शून्य. नवी मुंबई विमानतळाचं आज पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन. रस्ते बंद, आकाशात हेलिकॉप्टर, गच्चीवर अख्खी सोसायटी. मी शाळेत असल्यापासून हे विमानतळ 'पुढच्या वर्षी' होतंय. त्यासाठी उलव्याचा डोंगर कापला, नदी वळवली. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "आता तुझी नोकरी पायाखाली." काकांना वाटतं विमानतळ जवळ असलं की पायलटला कामावर चालत जाता येतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सांगाडा उभा राहिला. बाबांनी खुर्ची पेडेस्टलच्या डावीकडे मांडली, कारण फोटोत कॅप्टन तिकडे बसतो. मी बसणार उजवीकडे. को-पायलटची सीट उजवी, म्हणजे सगळे लिव्हर माझ्या डाव्या हाताला. खुर्ची हलवली, तर कपाटाचं दार उघडेना. कपाट हलवलं, तर आईचा देव्हारा आडवा आला. शेवटी दार काढून ठेवलं.

डाव्या हाताची भीती होती, पण बसले आणि हात आपोआप जागेवर गेला. आपल्याकडे गाडी उजवीकडे बसून चालवतात, गिअर डाव्या हातानेच टाकतो आपण. एटीआर तयार होतं तुलूजला. तिथल्या पोरांना बहुधा उजव्या सीटवर जास्त त्रास होत असेल.

१९ ऑक्टोबर, रविवार

बाबांना पहिल्यांदा पोखराची गोष्ट सांगितली, कारण ते विचारत होते की खाचा इतक्या कडक कशाला हव्यात.

१५ जानेवारी २०२३, नेपाळ, एटीआर ७२. उतरण्याआधी फ्लॅप ३० मागितले गेले. फ्लॅपचा लिव्हर हललाच नाही. त्याच्या शेजारचे दोन्ही कंडिशन लिव्हर मागे गेले, दोन्ही पंखे फेदर झाले. इंजिनं चालू होती. ओढ शून्य. विमानातले ७२ च्या ७२ गेले. चौकशी अहवालात निष्कर्ष हाच आहे : कंडिशन लिव्हर अनवधानाने फेदरला नेले गेले.

बाबांनी फक्त विचारलं, "तो माणूस नवा होता का?" नव्हता. ज्या हाताने ते लिव्हर हलवले त्याच्यामागे हजारो तास होते.

मग खाचांचं काम मन लावून झालं. प्रत्येक जागेला बॉल आणि स्प्रिंग. लिव्हर त्या जागी आला की टक्क असा आवाज आणि हाताला झटका. ऑटोपासून फेदरपर्यंत न्यायचं तर मनगट लावावं लागतं. कंडिशनच्या बॉल-स्प्रिंगला आत जागा पुरेना, म्हणून बाबांनी ती जोडी पोस्टरवरल्या जागेपेक्षा अर्धा इंच उजवीकडे, म्हणजे माझ्या बाजूला सरकवली. "अर्ध्या इंचानं काय हुतंय?" मीही मान डोलावली. खुणेसाठी इथे लिहून ठेवते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मुठी लागल्या. फ्लॅपची मूठ पंखाच्या छेदासारखी चपटी, लँडिंग गिअरची, म्हणजे चाकं उचलायची (ही त्या पाचांबाहेरची), गोल चाकासारखी. हा आकार हौसेचा नाही, प्रवासी विमानाच्या नियमातच आहे. त्यामागे जुनी कथा आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर सुखरूप उतरायचे आणि धावपट्टीवर पायलट फ्लॅपऐवजी चाकंच उचलायचा. विमान पोटावर. दोन्ही स्विच शेजारी, दोन्ही सारखे. आल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एका लिव्हरला रबरी चाक आणि दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा लावायला सांगितला. पायलटला दोष देऊन फाइल बंद करणं सोपं होतं. त्याने मूठ बदलली.

मामेभाऊ ओवाळून घ्यायला आला होता. त्याच्या मुलाच्या मोडक्या खेळण्यातलं रबरी चाक मिळालं, तेच आमच्या गिअर लिव्हरला बसवलं. ओवाळणी वेगळी दिलीच, पण मला चाकाचा आनंद जास्त.

३१ ऑक्टोबर

दिवसभर बर्फावरचा भाग वाचला. तारीख लिहिताना लक्षात आलं : ३१ ऑक्टोबर १९९४, अमेरिकेत इंडियाना राज्यात रोझलॉन गावाजवळ एटीआर ७२ पडलं ते याच दिवशी. ६८ माणसं. वेटिंगमध्ये घिरट्या घालत होतं. पंखाच्या पुढच्या कडेला रबरी 'बूट' असतात, इंजिनाच्या हवेने फुगतात आणि बर्फ फोडतात. त्या दिवशी मोठ्या थेंबांचं, शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी बूट संपतात त्याच्याही मागे जाऊन गोठलं. तिथे कड तयार झाली आणि एलेरॉन (विमान कलतं करणाऱ्या पंखावरच्या फळ्या) पायलटच्या हातातून हिसकावले गेले. नंतर बूट आणखी मागेपर्यंत रुंद केले.

आई म्हणाली, "मुंबईत कुठला बर्फ?" हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. आपल्याकडे पावसाळ्यात शून्य अंशाची रेषा साधारण १६,००० फुटांच्या वर असते. जेट तिथून सरळ वर निघून जातं. एटीआरची छतच २५,००० फूट, आणि फिरतं बरेचदा १६ ते २० हजारांच्या दरम्यान. म्हणजे सह्याद्रीवरच्या जुलैच्या ढगांत आपण नेमके बर्फाच्या मजल्यावर राहायला. खाली पनवेलला छत्री आणि वर पंखावर बर्फ.

पाठ करायचं : बर्फाच्या स्थितीत किमान वेग वाढतो, स्टॉलची (पंखाची उचल सुटण्याची) सूचना लवकर येते. वेगाच्या पट्टीवरची खूण बदलली की आधीची विसरायची.

८ नोव्हेंबर

उद्या रात्री निघायचं. पेडेस्टलवर आजपर्यंतचे फ्लो मोजले : सुरुवातीला इंजिन स्टार्टचा क्रम ४ मिनिटं घ्यायचा, आता दीड. डोळे मिटून पाचही मुठी ओळखते. बाबांनी डोळ्यांवर पंचा बांधून परीक्षा घेतली, दहापैकी दहा. फार अभिमान वाटला.

(नंतरची भर : हीच ती चूक. पुढे १२ डिसेंबर पाहावे.)

१६ नोव्हेंबर, हैदराबाद

वर्ग सकाळी ९ ते ५. आठवडाभरात दोन वह्या भरल्या. हायड्रॉलिक्स : निळी आणि हिरवी, दोन्ही ३,००० पीएसआय, हिरवीवर चाकं आणि नेहमीचे ब्रेक, निळीवर फ्लॅप, नाकाच्या चाकाचं स्टिअरिंग, स्पॉयलर, प्रॉपेलर ब्रेक. विजेचं अजून डोक्यात बसत नाही. पंख्याच्या वेगाबरोबर फ्रिक्वेन्सी बदलणारी एसी ही कल्पनाच उद्धट आहे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट होटेल मोड. जेटच्या शेपटीत एक छोटं तिसरं इंजिन असतं, जमिनीवर वीज आणि गार हवा द्यायला. एटीआरने ते वजन वाचवलं. उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावायचा आणि इंजिन आत चालू ठेवायचं. पंखा उभा, इंजिन गुरगुरतंय, केबिनमध्ये एसी. चढायचं दार डावीकडे मागे, त्यामुळे प्रवाशांच्या बाजूला काही फिरत नाही. बाबांना फोनवर सांगितलं. "लग्नाच्या हॉलवर जनरेटर, तसं," ते म्हणाले. हॉलवाल्याला मात्र त्याच जनरेटरवर नवरदेवाला उडवायचं नसतं.

सिमचा जोडीदार ठरला. जळगावचा. त्याच्या गावाला एटीआर येतं याचा त्याला असा गर्व, जणू धावपट्टी त्याच्या वावरातून गेली आहे.

२७ नोव्हेंबर

लेखी परीक्षा झाली. पासाला ७० लागतात, मला ८८. चुकलेले बहुतेक विजेचेच. घरी चालले, सिमचे स्लॉट ७ डिसेंबरपासून.

६ डिसेंबर, हुसेनसागर एक्स्प्रेस

विमानाचं शिकायला रेल्वेने चाललेय. या आठवड्यात देशभर विमानं धडाधड रद्द होतायत, माझंही झालं. ठाणे, मग कल्याण, तिथून रात्रीची गाडी, आरएसी. अर्ध्या बर्थवर एक आजी. चेकलिस्टची पानं पाहून तिने विचारलं, "कीर्तन करतेस का बाई?" तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते खरी.

९ डिसेंबर

सिमचे दोन सेशन झाले. वेळ रात्री २ ते ६. दोघांत चार तास : दोन तास एकाने उडवायचं, दुसऱ्याने मदतनीस व्हायचं, मग उलट. आम्ही दोघेही उजव्या सीटचे, त्यामुळे प्रत्येक वेळी एकाला डावीकडे बसावं लागतं आणि त्याचे हात उलटे पडतात. कोणी डावीकडे बसायचं यावर रोज नाणेफेक.

इंजिन स्टार्ट : एनएच (इंजिनाच्या आतल्या फिरकीचा वेग) १० टक्के झालं की कंडिशन लिव्हर फेदरला, ४५ ला स्टार्टर सुटतो. हे घरच्या लाकडावर शेकडो वेळा केलंय, हात न थांबता गेला. सर म्हणाले, "कहाँ सीखा?" मी म्हटलं, बेडरूममध्ये. नंतर लक्षात आलं कसं ऐकू गेलं असेल.

टेकऑफची गंमत : ७० नॉट्सपर्यंत कॅप्टनचा हात नाकाचं चाक वळवायच्या टिलरवर आणि योक (विमानाचं स्टिअरिंग) मी धरून ठेवायचा. ७० ला तो योक घेतो. सत्तर नॉट्स म्हणायचं विसरले तर दोघंही काहीतरी धरून बसलेले आणि विमान कोणाचंच नाही.

१२ डिसेंबर

चौथं सेशन. मी मदतनीस, उजव्या सीटवर. जळगावकर डावीकडे, उडवतोय. टेकऑफला इंजिन १ गेलं. इथपर्यंत सुंदर : विमान स्वतःच बंद पंखा फेदर करतं, दुसऱ्या इंजिनाची ताकद आपोआप ९० वरून १०० टक्के होते. माणसाने पाय दाबून नाक सरळ ठेवायचं, चाकं घ्यायची, आणि ४०० फुटांच्या खाली कशालाही हात लावायचा नाही. हे 'न करणं'च फार अवघड आहे.

मग इंजिन पक्कं बंद करायची वेळ. मी लिव्हरवर हात ठेवून म्हणायचं, "कंडिशन लिव्हर वन." त्याने बघून म्हणायचं, "कन्फर्म." मगच हलवायचा. मी न बघता हात टाकला, हाताला मूठ लागली, "वन" म्हटलं. त्याची नजर वेगावर, तोंडाने "कन्फर्म" म्हणाला. मी ओढला.

दोनचा होता.

चालतं एकमेव इंजिन मी फेदर केलं. आवाज खाली गेला आणि समोरच्या पडद्यावर जमीन मोठी व्हायला लागली. सरांनी सिम थांबवला. सगळं जागच्या जागी गोठलं, हवेत. सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की तैपेईचं वाचलंय ना, मग आता ते हाताला माहीत झालं.

वाचलं होतं. ४ फेब्रुवारी २०१५, ट्रान्सएशियाचं एटीआर. टेकऑफनंतर उजव्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर झाला, आणि कॅप्टनने डावं, चांगलं इंजिन बंद केलं. विमान नदीत. ४३ माणसं. वाचताना मी कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं : 'असं कसं होऊ शकतं?' ते खोडून टाकलं.

सेशन संपल्यावर सरांची परवानगी घेऊन कागदाची एक लांब पट्टी पेडेस्टलवर आडवी धरली आणि पाचही मुठींच्या मध्यावर पेनाने खुणा केल्या. मनात एक शंका होती.

१४ डिसेंबर, रविवार, नेरुळ

सिममध्ये बिघाड, तीन दिवस बंद. त्याच रात्री गाडी पकडून घरी.

पट्टी घरच्या पेडेस्टलवर ठेवली. पॉवरचे दोन्ही जुळले. फ्लॅप जुळला. कंडिशनचे दोन्ही साडेबारा मिमीने माझ्या बाजूला. बाबांनी व्हर्निअर लावून तीनदा मोजलं. घरी जिथे 'एक' असतो तिथे खऱ्या पेडेस्टलवर हात गेला, की तो एक आणि दोनच्या मध्ये पडतो आणि जवळची मूठ पकडतो. म्हणजे दोनची. महिनाभर डोळे मिटून घोटलेलं पाठांतर अगदी अचूक होतं; फक्त चुकीच्या मापाला अचूक.

बाबांना फार लागलं. जेवले नाहीत नीट. मी म्हटलं, मान मीच डोलावली होती, वहीत लिहिलंय. संध्याकाळी गॅलरीत बसून त्यांनी प्रेसची गोष्ट काढली. त्यांच्या पॉवर प्रेसला दोन बटणं होती, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोका खाली यायचा नाही, म्हणजे हात डायमध्ये राहायचाच नाही. एक जण रेट वाढवायला एक बटण तारेने बांधून ठेवायचा. चार महिने काही झालं नाही. "हुशार हुता," बाबा म्हणाले. "आमच्यापेक्षा जॉब जास्त काढायचा." पुढचं त्यांनी आपल्या डाव्या हाताची तीन बोटं मिटून दाखवलं.

मी रात्रभर त्या तारेचा विचार करत होते. घरी सराव करताना "कंडिशन लिव्हर वन" मीच म्हणायचे आणि "कन्फर्म"ही मीच. एका दमात.

१५ डिसेंबर

बॉल-स्प्रिंग बाजूला न ठेवता खाली उभे बसवले, जागा मिळाली. ही युक्ती ऑक्टोबरमध्ये सुचायला हवी होती. आता पट्टीच्या खुणेवर पाचही मुठी, फरक अर्ध्या मिमीच्या आत. दोस्ताच्या लेथवर नवे बुश, पैसे घेतले नाहीत, चहा पाजला.

पंचा बांधायचा खेळ बंद. नवा नियम : मुठीवर हात ठेवला की मान वळवून बघायचं, आकडा वाचायचा, थांबायचं. डावीकडच्या खुर्चीत बाबा. ते चष्मा लावून वाकतात, बघतात, मग "कन्फर्म". त्यांना इंग्रजी फार येत नाही, पण हा शब्द न्यायाधीशासारखा म्हणतात. मधूनच मी बरोबर असले तरी मुद्दाम गप्प बसतात, मी थांबते का बघायला. चाळीसपैकी सहा वेळा मी थांबले नाही. दुपारनंतर वीसपैकी एकदा. रात्री तीसपैकी शून्य, पण तोवर आई आतून विचारायला लागली होती, "आमटीत मीठ घातलंय, कन्फर्म?"

१८ डिसेंबर, हैदराबाद

सिम सुरू. इंजिन फेल सात वेळा, मी मदतनीस असताना चार. दरवेळी वेळ जास्त लागला. जळगावकराला बाबांची पद्धत सांगितली. आता तो नजर वळवून, बोट दाखवून मगच कन्फर्म म्हणतो. एकदा त्याने खरंच "थांब" म्हटलं. माझा हात बरोबर होता, त्याला नीट दिसलं नव्हतं. सर म्हणाले, आजचं सगळ्यात चांगलं काम तेच.

लँडिंगबद्दल लिहायला हवं, पण लाज वाटते. हे विमान लांब आणि पंखा मोठा; पॉवर लिव्हर मागे घेतले की पंखे हवेला थाप मारतात आणि ते दगडासारखं बसतं. मी दोनदा लवकर मागे घेतले. सिमच्या पायांनी जे सांगितलं ते कंबरेला कळलं.

२२ डिसेंबर

स्किल टेस्ट झाली. पास.

परीक्षकांनी तीन प्रश्न विचारले, त्यातले दोन विजेचे. तेव्हा मनात आईची, कुलदैवताची आणि एसी फ्रिक्वेन्सीची क्षमा मागितली.

२५ डिसेंबर, नेरुळ

आजपासून नवी मुंबई विमानतळावर खरी वाहतूक सुरू. बाबांना घेऊन सकाळी उरण लोकलने खारकोपरला उतरलो, गर्दी आधीच होती. ८ च्या सुमाराला बंगळूरहून आलेलं पहिलं विमान दिसलं. जेट. बाबांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "पंखा नाय."

म्हटलं, येईल.

परत येताना गाडीत त्यांनी विचारलं, त्या जेटला लिव्हर किती? दोन, म्हटलं. मग काम कमीच असेल म्हणाले, आणि सीवूड्स येईपर्यंत खूश होते.

११ जानेवारी २०२६, रविवार

खऱ्या विमानावरच्या टेकऑफ-लँडिंगची तारीख अजून यायची आहे. त्याशिवाय लायसन्सवर नोंद नाही. कागद सगळे पोर्टलवर चढवले. एक फोटो 'पार्श्वभूमी पांढरी नाही' म्हणून परत आला. ती पार्श्वभूमी आमच्या किचनची भिंत होती आणि ती पांढरीच आहे.

जळगावकराच्या गावातल्या एका मुलाची फेब्रुवारीची बॅच आहे. त्याला पेडेस्टल हवाय, न्यायला टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मी हो म्हटलं. बाबा म्हणाले, आठवडा थांबव. फ्लॅपच्या मुठीची एक कड हाताला लागते, ती घासायची आहे. कंडिशन एकची स्प्रिंग ढिली झालीय. आणि त्या पोराला सांगायचं की खुर्च्या दोन लागतील, दुसरीवर माणूस बसवायचा.

कपाटाचं दार अजून बाल्कनीत उभं आहे. ते या रविवारी लावू.